निष्ठा आणि आज्ञाधारकपणा : जिमी कार्टर यांच्याविषयी

वॉशिंग्टनच्या नॅशनल कॅथीड्रलमध्ये 9 जानेवारी 2025 रोजी जिमी कार्टर यांना निरोप देण्यात आला. त्याच संध्याकाळी जॉर्जिया राज्यातल्या प्लेन्स या त्यांच्या गावी, पत्नी रोझलिन यांच्या शेजारी, त्यांचे दफन झाले. अमेरिकेचे हे एकोणचाळिसावे अध्यक्ष 29 डिसेंबर 2024 रोजी गेले, तेव्हा त्यांना शंभर वर्षे पूर्ण होऊन तीन महिने होत आले होते. मृत्युलेखांत तीन गोष्टी हमखास होत्या. श्रद्धाळू ख्रिस्ती, सत्त्याहत्तर वर्षे संसार केलेला कुटुंबवत्सल माणूस आणि पाणबुडीवर नोकरी केलेला नौदल अधिकारी. त्यापाठोपाठ एक 'पण'ही ठरलेला होता. माणूस भला, पण राज्य करणे त्याला जमले नाही. निवृत्त झाल्यावर मात्र त्याने नाव काढले. ही मांडणी इतकी रुळली आहे की ती तपासून पाहण्याची गरजच कोणाला वाटत नाही. श्रद्धा, संसार आणि शिस्त हे घरात आणि देवळात शोभणारे गुण आहेत, राज्यकारभारात ते आडवे येतात, असे गृहीत तिच्यामागे आहे. आपल्याकडेही 'राजकारणात भल्या माणसाचे काम नाही' हे वाक्य शहाणपण म्हणून ऐकवले जाते.

मला हे गृहीत चुकीचे वाटते, आणि कार्टर यांच्याच आयुष्यातले पुरावे त्याच्या विरोधात जातात. नौदल, कुटुंब आणि चर्च या तिन्हींवर त्यांची निष्ठा होती यात शंका नाही. पण ती आज्ञाधारकाची निष्ठा नव्हती. नौदल त्यांनी ऐन भरात सोडले. घरातला कर्त्या पुरुषाचा अधिकार त्यांनी आधी गाजवला आणि मग स्वतःहून खाली ठेवला. ज्या पंथात जन्म गेला त्या पंथाच्या महासंघाशी त्यांनी वयाच्या शहात्तराव्या वर्षी नाते तोडले. जिथे ते अध्यक्ष म्हणून यशस्वी झाले तिथे हीच प्रश्न विचारणारी निष्ठा कामाला आली. आणि जिथे ते खरोखर चुकले, तिथे बहुतेक वेळा त्यांनी तिला मुरड घालून जाणत्यांचे ऐकले होते. भलेपणामुळे त्यांचे नुकसान झाले हे म्हणणे म्हणूनच उलट्या टोकाने धरलेले आहे.

नौदलापासून सुरुवात करू, कारण ही बाजू आपल्याकडे सर्वांत कमी माहीत आहे. भुईमुगाच्या शेतीतला हा मुलगा 1943 साली ॲनापोलिसच्या नौदल अकादमीत दाखल झाला आणि 1946 मध्ये बाहेर पडला. पुढे तो 'पॉमफ्रेट' या पाणबुडीवर होता. पहिल्याच मोठ्या सफरीत, रात्रीच्या पहाऱ्यावर असताना, एका लाटेने त्याला पाणबुडीच्या वरच्या टेहळणी-मंचावरून उचलले. पाण्याबरोबर वाहत जाऊन तो मागच्या तोफेच्या नळीवर आदळला आणि तिला मिठी मारून वाचला. लाट जरा तिरकी आली असती तर पुढची सगळी चर्चाच झाली नसती. नंतर 'के-1' या पाणबुडीवर असताना दुसरा प्रसंग घडला, तो मला लाटेपेक्षा महत्त्वाचा वाटतो. बहामा बेटांतल्या नासाऊ बंदरात ब्रिटिश अधिकाऱ्यांनी खलाशांना मेजवानीचे आमंत्रण दिले, पण ते फक्त गोऱ्यांना होते. कार्टर सांगत की आपल्या कृष्णवर्णीय सोबत्याला वगळून जायला पाणबुडीवरच्या लोकांनी नकार दिला. सैन्यदलांतला वर्णभेद संपवण्याचा आदेश राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी 1948 मध्ये काढला होता. जॉर्जियातल्या शाळा, चर्च आणि उपाहारगृहे त्यानंतरही कितीतरी वर्षे विभागलेलीच राहिली. म्हणजे समता ही गोष्ट या तरुणाने रोजच्या वागण्यात पहिल्यांदा पाहिली ती पाणबुडीत, आणि ती घेऊन तो अशा गावी परतला जिथे तिला जागा नव्हती.

मग आले ॲडमिरल हायमन रिकोव्हर. अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुड्यांचे हे जनक माणसे निवडताना उलटतपासणी घेत. अकादमीत 820 जणांत 59 वा आल्याचे कार्टर यांनी अभिमानाने सांगितले. त्यावर, आपल्याकडून होईल तेवढे सगळे केलेस का, असे रिकोव्हर यांनी विचारले. 'नाही' असे उत्तर द्यावे लागले तेव्हा त्यांनी पुढचा प्रश्न टाकला : का नाही? कार्टर यांच्या 1975 च्या प्रचारपुस्तकाचे नाव याच प्रश्नावरून आले. रिकोव्हर यांच्या हाताखाली असतानाच कॅनडातल्या चॉक रिव्हर येथील अणुभट्टीत 12 डिसेंबर 1952 रोजी अपघात झाला आणि अठ्ठावीस वर्षांच्या लेफ्टनंट कार्टर यांना एक तुकडी घेऊन तिकडे धाडण्यात आले. भट्टीच्या गाभ्याची हुबेहूब प्रतिकृती टेनिसच्या मैदानावर उभारली होती. तिथे आधी सराव करायचा, कोणता नट कोणत्या पान्याने फिरवायचा ते हाताला बसवायचे, मग खऱ्या भट्टीत उतरून सुमारे दीड मिनिटात ठरलेले काम उरकून वर यायचे. तेवढ्या वेळात वर्षभराला पुरेल इतका किरणोत्सार अंगात जाई. पुढे सहा महिने त्यांच्या लघवीच्या तपासणीत किरणोत्सार दिसत होता. या घटनेची आज समाजमाध्यमांवर 'कार्टर यांनी एकट्याने कॅनडाची राजधानी वाचवली' अशी गोष्ट फिरते, ती खोटी आहे. कॅनडाचे आणि अमेरिकेचे शेकडो लोक त्या कामावर होते आणि कार्टर त्यांतल्या एका तुकडीचे प्रमुख होते. खरे काय झाले तेवढेच सांगितले तरी त्यांचे मोल कमी होत नाही.

या दीड मिनिटाचा अध्यक्षपदाशी काय संबंध, असे कोणी विचारेल. 28 मार्च 1979 रोजी पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात अपघात झाला. लोक गाव सोडून निघाले होते, तज्ज्ञांची मते जुळत नव्हती. 1 एप्रिलला कार्टर रोझलिनना बरोबर घेऊन त्या केंद्राच्या नियंत्रण कक्षात जाऊन उभे राहिले. किरणोत्सारापासून बचावासाठी पायांत पिवळी पायताणे घातलेले त्यांचे ते छायाचित्र प्रसिद्ध आहे. भट्टी म्हणजे काय हे हाताने शिकलेला दुसरा अध्यक्ष अमेरिकेला मिळालेला नाही, आणि त्या भेटीने भीती ओसरली ती याच जाणकारीमुळे. दोन वर्षे आधी, एप्रिल 1977 मध्ये, वापरलेल्या अणुइंधनातून प्लुटोनियम काढण्याचे व्यापारी काम अमेरिकेपुरते थांबवण्याचा निर्णय त्यांनी घेतला होता. अणुउद्योग त्यावर चिडला. घरचाच माणूस फिरला, अशी ती चीड होती. पण ज्याला त्या तंत्राची ताकद ठाऊक असते तोच त्याच्या प्रसाराला घाबरतो, हे त्या उद्योगाने लक्षात घेतले नाही.

महाराष्ट्राला याची झळ थेट लागली. तारापूरच्या अणुवीज केंद्राला लागणारे समृद्ध युरेनियम 1963 च्या करारानुसार अमेरिकेतून येत असे. 1978 मध्ये अमेरिकेने अण्वस्त्रप्रसारबंदीचा नवा कायदा केला. ज्या देशाचे सगळे अणुप्रकल्प आंतरराष्ट्रीय तपासणीखाली नाहीत त्याला इंधन देऊ नये, अशी त्यात अट होती. भारताला ती मान्य नव्हती आणि झालेल्या करारावर मागाहून अट लादणे हा अन्याय होता, हे मी मराठी वाचकापुढे स्पष्टपणे मांडतो. जानेवारी 1978 मध्ये कार्टर दिल्लीला आले तेव्हा मोरारजी देसाईंना कडक शब्दांत पत्र लिहावे लागेल, असे ते आपल्या परराष्ट्रमंत्र्याशी बोलत होते आणि ते चालू राहिलेल्या मायक्रोफोनने टिपले. पण पुढचे प्रकरण फारसे आठवले जात नाही. 1980 मध्ये तारापूरसाठीच्या दोन खेपांना अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने नकार दिला, तेव्हा दिलेल्या शब्दाला जागायचे म्हणून कार्टर यांनी तो नकार बाजूला सारला. प्रतिनिधीगृह विरोधात गेले. सेनेटमध्ये 48 विरुद्ध 46 अशा निसटत्या मतांनी इंधन मंजूर झाले. निवडणूक सहा आठवड्यांवर होती आणि तारापूरच्या बाजूने बोलून जॉर्जियात एकही मत वाढणार नव्हते.

नौदलाच्या निष्ठेचा आणखी एक दाखला देतो. ऑगस्ट 1976 मध्ये, प्रचाराच्या धामधुमीत, ते माजी सैनिकांच्या 'अमेरिकन लीजन' या संघटनेच्या अधिवेशनात गेले. व्हिएतनाम युद्धात सक्तीची भरती चुकवून परागंदा झालेल्यांना मी माफी देणार, असे त्यांनी त्या सभागृहात तोंडावर सांगितले. सभागृहाने त्यांची हुर्यो उडवली. 21 जानेवारी 1977 रोजी, अध्यक्षपदाच्या पहिल्या पूर्ण दिवशी, त्यांनी ती माफी दिली. त्यांचा स्वतःचा थोरला मुलगा युद्धाच्या काळात नौदलात होता. घरातले पोर सैन्यात धाडलेल्या माजी अधिकाऱ्याने भरती चुकवणाऱ्यांना घरी बोलावले. गणवेशाचा मान राखणे म्हणजे गणवेशातल्या लोकांना आवडेल ते बोलणे, असे ते समजत नव्हते.

आता कुटुंब. मृत्युलेखांत 7 जुलै 1946 ते 19 नोव्हेंबर 2023 असा लग्नाचा काळ दिला जातो आणि वाचक हात जोडतो. पण इतका लांब संसार आपोआप सुखाचा झाला असे समजणे रोझलिनवर अन्याय करणारे आहे. जुलै 1953 मध्ये कार्टर यांचे वडील कर्करोगाने गेले. त्यांच्या अंथरुणाशी बसले असताना, या माणसाने गावात गुपचूप किती जणांना मदत केली होती हे येणाऱ्याजाणाऱ्यांकडून मुलाला कळत गेले. नौदल सोडून प्लेन्सला परतायचे असे त्याने ठरवले. ठरवले म्हणजे एकट्याने ठरवले. रोझलिनला विचारलेच नाही. नौदलामुळे तिला गावाबाहेरचे जग मिळाले होते, स्वतःचे घर स्वतःच्या मर्जीने चालवता येत होते. ती भांडली, रडली. त्या लांबच्या प्रवासात ती नवऱ्याशी बोलायलाही तयार नव्हती. कुठे थांबायचे झाले तर ती लहान मुलाला सांगे आणि तो बापाला सांगे. गावी आल्यावर त्यांना सरकारी स्वस्त घरात राहावे लागले आणि पहिलेच वर्ष दुष्काळाचे निघाले. 1962 मध्ये वाढदिवसाच्या सकाळी चांगले कपडे चढवून कार्टर राज्याच्या सेनेटसाठी अर्ज भरायला निघाले, तेव्हाही बायकोला आधी कल्पना नव्हती.

मधल्या काळात घरच्या भुईमुगाच्या वखारीचे हिशेब रोझलिन बघू लागल्या. कोणत्या पिकात पैसा आहे आणि कोणते गिऱ्हाईक बुडवणार हे त्यांना नवऱ्याच्या आधी कळू लागले, आणि नवऱ्याने ते मानले. 1977 नंतर त्या मंत्रिमंडळाच्या बैठकांना टिपणे घेत बसत. लॅटिन अमेरिकेच्या दौऱ्यावर त्या अध्यक्षांच्या प्रतिनिधी म्हणून गेल्या. मानसिक आरोग्यावरचा 1980 चा कायदा त्यांच्या पाठपुराव्याशिवाय झालाच नसता. वर्तमानपत्रांनी यावर टीका केली, कारण निवडून न आलेल्या बायकोने कारभारात बसणे अनेकांना खटकत होते. कार्टर यांनी टीका ऐकली आणि बैठकीतली खुर्ची हलवली नाही. पुढे दोघांनी मिळून एक पुस्तक लिहायला घेतले, तेव्हा आठवणींवरून इतके वाजले की लग्न मोडायची वेळ आली. अखेर कोणता परिच्छेद कोणाचा हे आद्याक्षराने दाखवावे अशी तोड निघाली. 1987 साली छापलेल्या त्या पुस्तकात ती आद्याक्षरे अजून दिसतात. कुटुंबवत्सल हा शब्द आपण ज्या सहजतेने वापरतो त्यात हे काहीच येत नाही. चुकीच्या पायावर सुरू झालेला संसार एका पुरुषाने बायकोकडून शिकत शिकत दुरुस्त केला, हे मला सत्त्याहत्तर या आकड्यापेक्षा मोठे वाटते.

या घराचा एक धागा विक्रोळीपर्यंत येतो. कार्टर यांच्या आई लिलियन परिचारिका होत्या. वडील वर्णभेद मानणारे. आई मात्र कृष्णवर्णीय शेजाऱ्यांच्या घरी जाऊन त्यांची शुश्रूषा करणाऱ्या. एकाच घरात दोन तऱ्हा होत्या आणि मुलाला निवड करावी लागली. 1966 मध्ये, अडुसष्टाव्या वर्षी, लिलियनबाईंनी 'पीस कोअर' या अमेरिकी स्वयंसेवकांच्या संस्थेत नाव घातले आणि त्या विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत येऊन राहिल्या. आधी कुटुंबनियोजनाच्या प्रचाराचे काम त्यांच्याकडे आले, मग दवाखान्यात परिचारिकेचे. कुष्ठरोग्यांना हात लावायला आरंभी त्या कचरत होत्या आणि मग ती भीती त्यांनी घालवली, हे त्यांनी घरी पाठवलेल्या पत्रांत आहे. ती पत्रे 1977 मध्ये पुस्तकरूपाने निघाली. त्याच 1966 मध्ये मुलगा जॉर्जियाच्या राज्यपालपदाची निवडणूक हरला होता. निवडून आला तो लेस्टर मॅडॉक्स, वर्णभेदाचा उघड पुरस्कर्ता. कार्टर खचले, देवावर रागावले. त्या उदासीतून ते बाहेर पडले ते प्रचारफेऱ्या करून. त्या मतांच्या नव्हत्या. ते धर्मकार्यासाठी पेनसिल्व्हेनिया आणि मॅसॅच्युसेट्समध्ये परक्या घरांची दारे ठोठावत हिंडले. आई विक्रोळीत जखमा धूत होती आणि मुलगा अनोळखी उंबऱ्यांवर उभा होता, ही दोन वर्षे एकच आहेत. पुढच्या राजकारणाची घडण तिथे झाली असे मी मानतो.

चर्चची गोष्ट सर्वांत कठीण, कारण इथे श्रद्धा आणि संस्था थेट समोरासमोर येतात. 1965 साली प्लेन्सच्या बाप्तिस्त मंडळीपुढे ठराव आला की कृष्णवर्णीयांना उपासनेला येऊ देऊ नये. कार्टर कुटुंब आणि आणखी एक जण एवढेच विरोधात उभे राहिले. ठराव मंजूर झाला. त्याआधी गोऱ्यांच्या 'सिटिझन्स कौन्सिल'मध्ये नाव घालायला नकार दिल्याने गिऱ्हाइकांनी त्यांच्या वखारीवर बहिष्कार टाकला होता. 1977 मध्ये त्या मंडळीत फूट पडून 'मारानाथा' ही नवी मंडळी उभी राहिली. अध्यक्षपदावरून परतल्यावर कार्टर तिथेच शब्बाथशाळा घेऊ लागले आणि पंचाण्णवाव्या वर्षापर्यंत घेत राहिले. दानपात्रे आणि क्रूस त्यांनी स्वतः लाकडात घडवले होते. आवारातले गवत ते कापत, शौचालय साफ करण्याची पाळी रोझलिन घेत. साउदर्न बाप्तिस्त महासंघाने 2000 साली, पत्नीने पतीच्या अधीन राहावे आणि स्त्रीने पाळक होऊ नये, असे सांगणारे श्रद्धाविधान स्वीकारले, तेव्हा कार्टर महासंघातून बाहेर पडले. मारानाथातली शब्बाथशाळा तशीच चालू राहिली. रोझलिन तिथे डीकन होत्या.

अध्यक्ष असतानाही हीच वृत्ती होती. व्हाइट हाउसमध्ये उपासना भरवण्याची निक्सन यांच्या काळातली प्रथा त्यांनी बंद केली, कारण राज्यसंस्था आणि धर्मसंस्था वेगळ्या ठेवणे हा जुन्या बाप्तिस्तांचा मूळ आग्रह आहे. याची शिक्षा त्यांना स्वधर्मीयांनीच दिली. धर्मोपदेशक जेरी फॉलवेल यांची 'मॉरल मेजॉरिटी' ही राजकीय संघटना 1979 मध्ये स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी आठवडा न चुकता बायबल शिकवणाऱ्या माणसाविरुद्ध उभी राहिली.

श्रद्धेचा राजकारणाला उपयोग झाला याचा सर्वांत भक्कम पुरावा कॅम्प डेव्हिड. सप्टेंबर 1978 मध्ये तेरा दिवस इजिप्तचे सादात आणि इस्रायलचे बेगिन यांना त्यांनी एका डोंगरातल्या विश्रामस्थानी धरून ठेवले. आरंभी रोझलिनच्या सूचनेवरून तिन्ही धर्मांच्या लोकांनी एकत्र प्रार्थना करावी असे संयुक्त आवाहन निघाले. शेवटच्या दिवशी जेरुसलेमवरून बेगिन बिथरले, सामान बांधायला निघाले. कार्टर त्यांच्या खोलीत गेले ते छायाचित्रे घेऊन. प्रत्येकावर बेगिन यांच्या एकेका नातवंडाचे नाव लिहून सही केलेली होती. बेगिन ती नावे मोठ्याने वाचत गेले, त्यांचा कंठ दाटला आणि बोलणी वाचली. ही भाबडी भावुकता होती असे म्हणणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे की सिनाईच्या कराराचा मसुदा कार्टर यांनी स्वतःच्या हाताने लिहिला होता, नकाशे पाठ केले होते आणि मसुदा वीसहून अधिक वेळा बदलला होता. नातवंडांची नावे आणि नकाशे या दोन्हींची तयारी एकाच माणसाने केली होती. 26 मार्च 1979 रोजी झालेला तो शांतता करार आजतागायत मोडलेला नाही. पॅलेस्टिनी मात्र त्यातून उपाशीच राहिले. हे कार्टर यांना सलत होते, आणि 2006 मध्ये त्यांनी त्यावर जे पुस्तक लिहिले त्याची किंमत त्यांनी जुने मित्र गमावून मोजली.

आता आक्षेप. पहिला, इराणचा. 4 नोव्हेंबर 1979 रोजी तेहरानच्या वकिलातीतले अमेरिकी लोक ओलीस धरले गेले, त्यांतले बावन्न जण 444 दिवस डांबून राहिले. सुटकेसाठी एप्रिल 1980 मध्ये केलेली मोहीम वाळवंटात फसली आणि आठ सैनिक मेले. धमक नसलेल्या सज्जनाचे हे फळ, असे आजही सांगितले जाते. पण घटनांचा क्रम पाहा. इराणच्या पदच्युत शहाला उपचारांसाठी अमेरिकेत घेण्याला कार्टर यांचा बराच काळ विरोध होता. वकिलातीवर हल्ला झाला तर तुम्ही मला काय सल्ला द्याल, असे त्यांनी सल्लागारांना विचारले होते. माजी परराष्ट्रमंत्री किसिंजर, बँकर रॉकफेलर आणि स्वतःचे सुरक्षा सल्लागार ब्रेझिन्स्की यांचा रेटा वाढत गेला आणि ऑक्टोबरमध्ये त्यांनी मान तुकवली. दोन आठवड्यांत वकिलात गेली. म्हणजे ते संकट आणले ते त्यांनी स्वतःच्या विवेकाला बाजूला ठेवून जाणत्यांचे ऐकले म्हणून. मोहीम फसल्यावर दूरचित्रवाणीवर येऊन जबाबदारी माझी असे त्यांनी सांगितले, एकाही अधिकाऱ्याला पुढे ढकलले नाही. आणि बावन्नही जण जिवंत घरी आले.

दुसरा आक्षेप याहून जड आहे आणि तो त्यांच्या श्रद्धेलाच हात घालतो. एल साल्वादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांनी फेब्रुवारी 1980 मध्ये कार्टर यांना पत्र लिहून, तुम्ही पाठवता ती लष्करी मदत आमच्या लोकांवर चालते, ती थांबवा, अशी विनंती केली. मदत थांबली नाही. 24 मार्चला मिस्सा चालू असताना रोमेरो यांना गोळी घालण्यात आली. त्याच वर्षी मे महिन्यात दक्षिण कोरियातल्या ग्वांगजू शहरात लष्कराने उठाव चिरडला, तेव्हाही वॉशिंग्टनने मित्रराष्ट्राच्या स्थैर्याचा विचार आधी केला. एका ख्रिस्ती माणसाने दुसऱ्याची हाक ऐकली नाही, याला मी कोणतेही समर्थन देत नाही. त्यात 1970 ची निवडणूकही घाला. त्या वेळी वर्णभेदवाद्यांची मते मिळावीत असा प्रचार त्यांनी जाणूनबुजून केला, आणि जानेवारी 1971 मध्ये राज्यपालपदाची शपथ घेताच वर्णभेदाचे दिवस संपल्याची घोषणा केली. चांगल्या घोषणेने आधीचा प्रचार धुऊन निघत नाही.

इथे वाचक मला अडवेल : चांगले झाले ते श्रद्धेमुळे आणि वाईट झाले ते तिला सोडल्यामुळे, ही सोयीची विभागणी नाही का? मीही तसेच विचारले असते. पण या चुका दुसऱ्या कोणाच्या होत्या असे मी म्हणत नाही. सह्या त्यांच्याच आहेत. मुद्दा वेगळा आहे. 1977 मध्ये मानवी हक्क हा परराष्ट्रधोरणाचा पाया असेल असे त्यांनी स्वतःच जाहीर केले होते, आणि साल्वादोरमध्ये त्यांनी जे केले ते शीतयुद्धाच्या वहिवाटीप्रमाणे इतर कोणत्याही अध्यक्षाने केले असते. जो दोष त्यांना भलेपणाचा म्हणून लावला जातो तो तिथे शोधून सापडत नाही. तिथे सापडतो तो नेहमीचा व्यवहारी राजकारणी. ज्यांना राजकारणात 'वास्तववाद' हवा असतो त्यांनी रोमेरो यांचे पत्र आणि शहाचा प्रवेश या दोन्ही गोष्टी आपल्या खात्यात लिहून घ्याव्यात.

महागाई, पेट्रोलच्या रांगा आणि 1980 चा पराभव यांवर मी थांबत नाही. त्यांची बरीच कारणे तेलाच्या बाजारात होती.

निवृत्तीनंतरचे काम सगळ्यांना मान्य आहे, म्हणून त्यातली एकच गोष्ट जवळून दाखवतो, कारण तिचे नाव मराठी माणसाला माहीत आहे : नारू. गढूळ पाण्यातल्या बारीक जिवातून नारूची अळी पोटात जाते, वर्षभर शरीरात वाढते आणि मग पायाला फोड येऊन हातभर लांबीचा जंत बाहेर पडू लागतो. काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा; तुटला तर पाय सडतो. महाराष्ट्रातल्या पायविहिरींच्या गावांनी हे भोगले आहे. यावर लस नाही, औषध नाही. उपाय एवढाच की पाणी फडक्यातून गाळून प्यावे आणि नारू झालेल्याने विहिरीत उतरू नये. भारताने आपली निर्मूलन मोहीम 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला स्वतःच हाती घेतली होती. शेवटचा रुग्ण 1996 मध्ये राजस्थानात सापडला आणि 2000 साली देश नारूमुक्त जाहीर झाला. ते श्रेय आपल्या आरोग्यसेवकांचे आहे. कार्टर यांनी 1986 पासून हे काम जगभर, मुख्यतः आफ्रिकेत, धरले. त्या वेळी एकवीस देशांत वर्षाला अंदाजे 35 लाख लोकांना नारू होत असे. 1995 मध्ये त्यांनी सुदानच्या यादवी युद्धात दोन्ही बाजूंना काही महिने शस्त्रे खाली ठेवायला लावली, ती आरोग्यसेवकांना गावांत शिरता यावे म्हणून. 2006 च्या अखेरीस, ब्याऐंशीव्या वर्षी, ते लोणावळ्याजवळ मळवलीला येऊन गरिबांची घरे बांधत होते, हेही त्याच स्वभावाचे. ज्यांना घर मिळणार तेही शेजारी राबत होते.

त्यांचे नाव दिलेली पाणबुडी 2005 साली नौदलात दाखल झाली. त्यांच्या पंथाचा महासंघ त्यांच्याकडे परत आला नाही आणि ते त्याच्याकडे परत गेले नाहीत. नारूचा शेवटचा जंत आपल्या आधी मरावा, अशी इच्छा त्यांनी 2015 मध्ये स्वतःच्या कर्करोगाची बातमी देताना बोलून दाखवली होती. ती पूर्ण झाली नाही. ते गेले त्या 2024 साली जगभर माणसांत 15 रुग्ण होते, आणि आफ्रिकेतल्या कुत्र्यांत नारू अजून आहे. काम चालू आहे.